परसांतील कलमें

कलम या शब्दाला आपल्या भाषेंत तीन अर्थ आहेत. लेखकाची लेखणी, कायद्यांतील एखादा पोटभाग आणि एका झाडाच्या अंगावर बांधलेली दुसऱ्या झाडाची फांदी, या तिहींनाही आपण कलमच म्हणतों. हा शब्द अरबी-फारसींतून आपल्याकडे आला. त्याचें नातें पुढें ग्रीक भाषेंतील 'कालामॉस' या शब्दाशीं जुळतें, व त्याचा मूळ अर्थ बोरू. इंग्रजींतील 'ग्राफ्ट' हा शब्दही लेखणी या अर्थाच्या दुसऱ्या एका ग्रीक शब्दापासून निघून फ्रेंच भाषेच्या वाटेनें इंग्रजींत उतरला आहे. फांदीचें टोंक बोरूसारखें तिरपें छाटावें लागतें; तो छाट पाहून दोन निरनिराळ्या लोकांस लेखणीचीच आठवण झाली. शब्दांच्या इतिहासांत असे योग क्वचित् येतात. आणि हा योग विषयाला साजेसाही आहे, कारण लेखणीनें बोलणें जसें बोलणाऱ्याच्या मागें उरतें, तसें कलमानें झाड आपल्या मुळांच्या मागें उरतें.

मोठ्या बागाइतदारांच्या व रोपवाटिकांच्या कलमांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. ज्यांचा हा धंदा नव्हे, ज्यांनीं घरामागील एखाद्या आवडत्या झाडासाठीं हातांत चाकू घेतला, जे बहुधा फसले व एखादे वेळीं यशस्वी झाले, अशा हौशी माणसांनीं या इतिहासांत काय केलें, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

याला कारण घरगुती आहे, तें आधीं सांगतों. आमच्या कोंकणांतील घराच्या परसांत एक रायवळ आंबा होता. फळ लहान, साल जाड, पिकल्यावरही रंग हिरवटच. बाजारांत त्याला कोणी विचारलें नसतें. पण गोडी अशी कीं घरांत त्याचें नांव 'साखऱ्या' पडलें होतें. आमच्या पणजीनें त्याची कोय पुरली असें सांगत; ती कोय कोठल्या झाडाची हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें. वडिलांनीं साखऱ्याच्या कोयी तीनदां लावल्या. त्यांतून तीन झाडें झालीं: एकाचें फळ आंबट, दुसऱ्याचें दोरेदार, तिसऱ्यास आजतागायत मोहोर नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं साखऱ्याचें खोड आंतून पोकळ झाल्याचें दिसलें आणि हें झाड आतां चार-दोन पावसाळ्यांचें सोबती आहे असें जाणत्यांनीं सांगितलें. तेव्हां आम्हीं महाविद्यालयाच्या ग्रंथालयांतून दोन पुस्तकें आणून कलम बांधावयास घेतलें, आणि सपशेल फसलों. ती हकीकत पुढें येईल. त्या फजितीनंतरच या विषयाचा इतिहास वाचण्याची बुद्धि आम्हांस झाली.

वडिलांच्या तीन कोयींनीं तीन निराळीं फळें कां दिलीं, हें प्रथम पाहूं. आंब्याच्या मोहोरावर माश्या बसतात, एका झाडाचा पराग दुसऱ्यास लागतो, आणि कोयींतील बीजांत दोन कुळें मिसळतात. किनाऱ्यावरील कांहीं जातींच्या एका कोयींतून अनेक रोपें निघतात व तीं बहुधा आईच्या वळणावर जातात. पण हापूस, पायरी त्यांतल्या नव्हत. म्हणून जें फळ आवडलें तेंच पुन्हां हवें असेल, तर त्या झाडाचा तुकडाच दुसऱ्या मुळांवर जगविला पाहिजे. साल आणि लाकूड यांच्यामध्यें एक अत्यंत पातळ, ओला, जिवंत थर असतो. खोड जाड होतें तें त्याच्या बळावर. दोन झाडांचे हे थर एकमेकांस भिडले, ते सुकले नाहींत आणि हलले नाहींत, म्हणजे जखम भरून येते व खालच्या मुळांचें पाणी वरच्या फांदीस पोहोंचूं लागतें. खालचा खुंट कोणाचाही असो, वर येणारें फळ फांदीच्या मूळ झाडाचेंच असतें.

हा विचार थोडा पुढें नेला म्हणजे माणूस थक्क होतो. बारीकसारीक फरक सोडल्यास, कोंकणांतलीं हापूसचीं असंख्य झाडें हीं परस्परांचीं भावंडेंही नव्हत. कधीं काळीं कोठें तरी उगवलेल्या एकाच झाडाचा तो विस्तार आहे. तें झाड केव्हांच मातीस मिळालें असेल. त्याची फांदी मात्र हातोहात चालत आली. मध्यें एखादी पिढी आळसावली असती, तर हापूस आज केवळ जुन्या कागदांत वाचावयास मिळाला असता.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय घातला आहे. त्यांत फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादि झाडांच्या कांड्या शेणानें लिंपून दुसऱ्या झाडाच्या तोडलेल्या मुळावर किंवा खोडावर बसवाव्या असें सांगितलें आहे. निदान अनेक अभ्यासक त्या वचनाचा अर्थ तसा लावितात. या यादींत आंबा नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. उलट केळ आहे. आणि केळीच्या अंगांत वर सांगितलेला थरच नसल्यामुळें तिचें कलम या रीतीनें लागणें शक्य नाहीं. अर्थात् त्या यादींत अनुभवाबरोबर ऐकीव गोष्टीही शिरल्या असाव्या.

पण या दोषाचे धनी एकटे आपले पूर्वज नव्हत. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो कीं, हल्लीं तिवोली म्हणतात त्या गांवीं त्यानें एक झाड पाहिलें. त्याच्या निरनिराळ्या फांद्यांवर कवचाचीं फळें, द्राक्षें, अंजीर, नाशपाती, डाळिंबें आणि सफरचंदें लागलीं होतीं. तें झाड फार दिवस जगलें नाहीं, हेंही तो प्रामाणिकपणें नोंदवितो. आजच्या ज्ञानाप्रमाणें द्राक्ष आणि डाळिंब एका खोडावर नांदणें अशक्य आहे. जवळच्या नात्याचींच झाडें एकमेकांस स्वीकारतात. प्लिनीनें काय पाहिलें असेल तें असो. परंतु ज्या अज्ञात गृहस्थानें तें झाड सजविलें, त्याच्याविषयीं आम्हांस आपुलकी वाटते. एका खोडावर सारी बाग फुलवावी, हा मोह चाकू हातीं घेणाऱ्या प्रत्येक हौशी माणसास होतो.

नातें राखलें तर तो मोह फळासही येतो. लखनौजवळच्या मलिहाबादचे कलीमुल्ला खान यांनीं १९५७ सालीं, वय सतराच्या सुमाराचें असतांना, एका झाडावर सात जातींचे आंबे आणण्याचा प्रयत्न केला. पुढें पाणी तुंबून तें झाड मेलें. १९८७ पासून त्यांनीं दुसऱ्या एका जुन्या झाडावर तोच उद्योग पुन्हां आरंभिला आणि त्यावर तीनशेंहून अधिक जाती जगविल्या. २००८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. सारे आंबेच होते, म्हणून झाडानें तो संसार सोसला.

आतां आपल्या किनाऱ्याकडे येऊं. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनीं आंब्यावर कलम बांधण्याची रीत तेथें रुजविली, असें सामान्यतः मानितात. हापूस हें नांव 'अफोंसु' या पोर्तुगीज नांवाचा अपभ्रंश आहे, याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो हा अफोंसु कोण याविषयीं. गोवें जिंकणारा अफोंसु द अल्बुकर्क याचें नांव पुष्कळ लोक सांगतात. विजेत्याचें नांव फळास मिळावें हें कानाला बरें लागतें. पण निकोलाव मनूची या व्हेनिसच्या प्रवाशाची साक्ष निराळी आहे. १६८३ सालीं संभाजी महाराजांनीं गोव्यावर स्वारी केली, तेव्हां पोर्तुगीजांच्या वतीनें महाराजांकडे बोलणीं करावयास गेलेला हाच तो मनूची. आपल्या ग्रंथांत तो गोव्याच्या उत्तम आंब्यांचीं नांवें देतो, आणि त्यांत 'निकुलाव अफोंसु' असें संपूर्ण नांव येतें. जवळच दुसऱ्या आंब्याला जुआंव परेरा याचें नांव आहे. हीं सुभेदारांचीं वा सेनापतींचीं नांवें वाटत नाहींत. कोणा तरी घरवाल्याचीं वाटतात. हापूसचा मूळ पुरुष हा अल्बुकर्कपेक्षां हा निकुलाव असण्याचा संभव आम्हांस अधिक दिसतो.

गोव्याची रीत पाहिली म्हणजे हा तर्क बळावतो. बार्देशांतील शिवोलीचा 'हिलारियो' हा आंबा ज्या गृहस्थाच्या जागेंत आपोआप उगवला, त्याचेंच नांव घेऊन गोवाभर फिरला. 'मानकुराद' हें नांव मात्र 'रंगानें फिकें' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आलें असें सांगतात. म्हणजे आधीं कोणी तरी नाक मुरडलें, मग खाल्लें, आणि मग कलम मागितलें. त्याच मानकुरादास २०२३ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कोंकणच्या हापूसला तें २०१८ सालीं मिळालें होतें.

मुंबईंतील माझगांवचा आंबा एके काळीं याहून प्रसिद्ध होता. मारिया ग्रॅहम या इंग्रज बाई १८०९ सालीं मुंबईंत राहिल्या व १८१२ सालीं त्यांनीं आपली रोजनिशी छापली. तींत त्या सांगतात कीं, माझगांवच्या साऱ्या कलमांची जननी असलेल्या झाडाभोंवतीं फळांच्या दिवसांत शिपायांचा पहारा असे. आणि शाहजहानच्या काळीं या किनाऱ्यावरचे आंबे दिल्लीस पोहोंचविण्यासाठीं वाटेवर जासूद ठेवलेले असत. टॉमस मूर या कवीनें ही माहिती १८१७ सालीं आपल्या काव्याच्या टिपेंत घेतली, आणि माझगांव विलायतेंत गाजलें. आज त्या भागांत गोदी आहे, दाट वस्ती आहे, आंबराई नाहीं. शिपायांनीं झाडाचीं फळें राखलीं; झाडाचें आयुष्य राखणें त्यांच्या हातीं नव्हतें.

येथें जुन्या रीतीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पूर्वीं आंब्याचें कलम बहुधा 'भेट कलम' असे. कुंडींतलें रायवळ रोप मूळ झाडाच्या फांदीपाशीं न्यावयाचें, वेळीं त्यासाठीं माच बांधावयाची, दोघांची साल थोडी तासून एकमेकांस बांधावयाची, आणि दोन-तीन महिन्यांनीं सांधा जुळला म्हणजे फांदी आईपासून तोडावयाची. या रीतींत कलमाची चोरी करणें कठीण. आपलें रोप महिनोन् महिने दुसऱ्याच्या अंगणांत ठेवावयाचें, त्यास तेथल्या माणसांनीं पाणी घालावयाचें, म्हणजे मालकाची संमति हवी आणि घरच्या बायांची मायाही हवी. त्या काळीं कलम मिळणें हा दोन घरांमधला व्यवहार होता. लग्नाच्या मुलीबरोबर जसें आंदण जातें, तसें एका परसांतून दुसऱ्या परसांत झाड जाई. तोडलेल्या काडीवर बांधावयाचें 'कोय कलम' आणि 'पाचर कलम' हीं रूढ झाल्यापासून काडी ओल्या फडक्यांत गुंडाळून कोठेंही नेतां येते. सोय झाली, पण तो संबंध सुटला.

परक्याच्या झाडापाशीं जाऊन नुसती एक फांदी मागितल्यानें केवढें काम होतें, याचा उत्तम दाखला इंग्लंडांत आहे. नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल या लहान गांवांत १८०९ सालीं मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नांवाच्या मुलीनें घरच्या सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यांतलें एक रोप बागेंत वाढलें. मुलगी लग्न होऊन गेली. १८४६ सालीं तें घर मॅथ्यू ब्रॅम्ली नांवाच्या खाटकानें विकत घेतलें. १८५६ सालीं हेन्री मेरीवेदर या सतरा वर्षांच्या पोरानें त्या झाडाचीं फळें पाहिलीं व मालकाकडे जाऊन कलमासाठीं काड्या मागितल्या. ब्रॅम्लीनें त्या दिल्या. अट एवढीच घातली कीं फळाला आपलें नांव द्यावें. १८६२ सालीं मेरीवेदरच्या वहींत तीन ब्रॅम्ली सफरचंदें दोन शिलिंगांस विकल्याची नोंद आहे. पुढें हें इंग्लंडांतील स्वयंपाकाचें सर्वांत आवडतें सफरचंद झालें. ज्या मेरी अ‍ॅननें बी पेरलें, ती १८५२ सालींच वारली. आपल्या झाडाचें काय झालें हें तिला कळलेंच नाहीं. १९०० च्या सुमारास तें झाड वादळानें आडवें पडलें, तरी पडल्या जागीं पुन्हां फुटलें. अलीकडच्या काळांत त्यास बुरशीच्या रोगानें गांठलें. पण त्याच्या फांद्या इंग्लंडभर इतक्या मुळांवर उभ्या आहेत कीं, त्या एका झाडाच्या मरणानें ब्रॅम्ली मरणार नाहीं. या कथेंत पेरणारी एक, नांव मिळविणारा दुसरा, आणि वांचविणारा तिसरा. तिघांपैकीं कोणीही वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हता.

आतां आमची फजिती. पहिल्या वर्षीं आम्हीं दिवाळीच्या सुटींत साखऱ्याच्या काड्या तोडल्या, वर्तमानपत्रांत गुंडाळून रात्रीच्या मोटारीनें पुण्यास आणल्या व परसांतील रोपांवर बांधल्या. आठ दिवसांत त्या काटक्या झाल्या. दुसऱ्या वर्षीं ऋतु साधला, श्रावण होता. पण बांधणी सैल राहून आंत पाणी शिरलें आणि सांधे काळे पडले. तेव्हां आमच्या थोरल्या बंधूंनीं शंका काढली कीं, म्हाताऱ्या झाडाची काडीही म्हातारीच असावयाची. ती लागली तरी जगणार किती? ही शंका अडाणीपणाची नव्हे. टॉमस अँड्रू नाइट या नामांकित इंग्रज बागशास्त्रज्ञानें १७९५ सालीं रॉयल सोसायटीपुढें हेंच मत मांडलें होतें: जुन्या सफरचंदांच्या जाती खंगत आहेत, कारण कलमाचें वय मूळ झाडाच्या वयाबरोबर संपतें. त्याचें निरीक्षण खरें होतें, अनुमान चुकलें. काडीबरोबर मूळ झाडाचे विषाणुजन्य रोगही पुढें जातात, हें नंतर कळलें. निरोगी काडी घेतली तर वयाची अडचण येत नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं पेरलेल्या बियेचें ब्रॅम्ली आजही फळतें, हें त्याचें उत्तर आहे.

तिसऱ्या वर्षीं आम्ही पुस्तकें पुण्यास ठेवून गांवीं गेलों. घरीं आमच्या काकू होत्या. वय ऐंशींच्या पुढचें. आम्हीं काडीला हात घालतांच त्या म्हणाल्या, "अरे, डोळा फुगलेला नाही नि काडी कसली तोडतोस? आधी पानं खूड, देठ तेवढे ठेव. दहा दिवसांनी ये, मग झाडच सांगेल तुला." आम्हीं तसें केलें. दहा दिवसांत देठ गळून पडले व शेंड्याचा डोळा टपोरा झाला. पावसाळ्याच्या तोंडीं त्यांनीं कोयी रुजत घातल्याच होत्या. लाल कोंवळ्या पानांचीं आठ रोपें तयार होतीं. तीं कोयीच्या वर चार बोटें छाटून, मधोमध चीर देऊन, त्यांत पाचरीसारखी तासलेली काडी बसविली आणि दुधाच्या पिशवीच्या पट्टीनें घट्ट आवळली. आमच्या हातचीं पांचही गेलीं. काकूंच्या हातचीं तीन लागलीं; त्यांतलें एक बकरीनें खाल्लें, दोन राहिलीं. पुढच्या ज्येष्ठांत साखऱ्या वाऱ्यानें पडला. त्यानंतरच्या वर्षीं काकू गेल्या.

ही विद्या त्यांस कोणी शिकविली, हें आम्हीं विचारलें नाहीं. इतिहास शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाकडून घडलेली ही चूक आहे, आणि ती आम्हांस बोंचते. पोर्तुगीजांच्या आंब्याचीं नांवें आम्हीं ग्रंथांतून उतरून घेतलीं. घरांतला ग्रंथ उघडावयाचा राहिला.

एक गोष्ट आणखी सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाहीं. कलमानें हापूस वांचविला, आणि हापूसनें पुष्कळ रायवळ मारला. चांगल्या भावाचें फळ मिळतें असें दिसल्यावर प्रत्येकानें तेंच लावलें. जुने रायवळ जळणाला गेले, फळ्यांना गेले, त्यांच्या लाकडाचीं खोकीं होऊन त्यांत हापूस भरला गेला. परंतु हापूसचें जें झाड दृष्टीस पडतें, तें बहुधा रायवळाच्याच मुळांवर उभें असतें. प्रत्येक रायवळ हें कोयींतून आलेलें, म्हणून जगांत एकटें झाड. त्याच्यासारखें दुसरें नाहीं. तें पडलें म्हणजे एक फळच संपलें. हापूसचें एक झाड पडल्यानें हापूस संपत नाहीं. म्हणून कलमाची खरी गरज बाजारांत कोणी न विचारणाऱ्या परसांतल्या झाडास आहे, आणि त्याच्यासाठीं कोणतीही रोपवाटिका येणार नाहीं. तें काम घरच्याच माणसानें केलें पाहिजे.

आपल्यापैकीं अनेकांचीं गांवचीं घरें आतां बंद आहेत, कांहींचीं विकावयास काढलेलीं आहेत. दस्तांत जमिनीची मोजणी असते, विहिरीचा हिस्सा असतो; आंब्याची चव लिहावयास रकाना नसतो. वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, सही करण्यापूर्वीं एक पावसाळा त्या झाडास द्यावा. पांच काड्या तयार कराव्या, आपणांस साधत नसल्यास गांवांतल्या जाणत्या हातास विनवावें, आणि पांचही फुकट गेल्या तर पुढच्या वर्षीं पुन्हां बसावें. लागलेल्या कलमांतलें एक शेजाऱ्यास द्यावें, कारण एकाच परसांत ठेवलेलें झाड एका वादळाचें असतें.

साखऱ्याच्या दोन कलमांपैकीं एक गांवीं आहे, एक पुण्यास. पुण्याच्या झाडास यंदा पहिला मोहोर आला. पहिल्या वर्षीं तो खुडावा असें जाणते सांगतात, म्हणून खुडला. शेजारच्या एका गृहस्थांनीं येत्या श्रावणांत काडी मागितली आहे. ती आम्ही देऊं. मात्र त्याआधीं दहा दिवस पानें खुडावयास विसरतां कामा नये.